साहेबांना खरंच ऐकायचं असतं का?

"काही सांगायचं असेल तर केव्हाही या, माझ्या केबिनचं दार उघडंच आहे." नोकरी केलेल्या माणसानं हे वाक्य ऐकलेलं नसेल असं सहसा होत नाही. नवा व्यवस्थापक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात तो हे बोलतो. अप्रेझलचे दिवस आले की एचआरच्या मेलमधून हेच वेगळ्या शब्दांत येतं. बँकेच्या शाखेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, हिंजवडीतल्या कंपनीच्या टाउनहॉलमध्ये, चाकणच्या कारखान्यात शिफ्ट सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांच्या उभ्या बैठकीत हे वाक्य बोललं जातं. समोरचे माना डोलावतात. "कुणाला काही विचारायचंय?" यावर शांतता पसरते, आणि सगळे आपापल्या जागेवर जातात. खरं बोलणं मग कॅन्टीनमध्ये सुरू होतं.

साहेबांना खरंच ऐकायचं असतं का? "कसलं काय, सगळा देखावा असतो" हे चहाच्या टपरीवरचं उत्तर मला पटत नाही. बहुतेक व्यवस्थापक ते वाक्य मनापासून बोलतात. आपण ऐकून घेणारे आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. पण ऐकायची इच्छा असणं वेगळं, आणि नको असलेली गोष्ट समोर येते त्या क्षणी ती पेलणं वेगळं. या दोन्हींतलं अंतर वरच्या खुर्चीतून दिसत नाही. खाली बसलेल्यांना मात्र ते पहिल्या काही महिन्यांतच कळलेलं असतं.

फ्रान्सिस मिलिकेन, एलिझाबेथ मॉरिसन आणि पॅट्रिशिया ह्यूलिन या अभ्यासकांनी 2003 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी 40 नोकरदारांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे हे कळत असूनही ती वरिष्ठांना सांगता आली नाही, असं निदान एकदा तरी झालं आहे, हे 85 टक्के लोकांनी सांगितलं. नमुना लहान आहे, त्यावरून साऱ्या जगाचा हिशेब मांडता येणार नाही. पण लोकांनी दिलेली कारणं ऐकली की आपल्याच ऑफिसातली माणसं बोलताहेत असं वाटतं. आपल्यावर 'तक्रारखोर' असा शिक्का बसेल, साहेबांशी असलेले संबंध बिघडतील, आणि शेवटी, बोलून काही उपयोग होणार नाही.

यातलं शेवटचं कारण मला सगळ्यांत गंभीर वाटतं. भीती वाटणारा माणूस निदान संधीची वाट पाहत असतो. "मागच्या वर्षी सांगितलं होतं, काय झालं?" असं म्हणणारा माणूस वाट पाहणं थांबवतो. तो वेळेवर येतो, नेमून दिलेलं काम करतो, आणि डोळ्यांसमोर चूक घडत असली तरी नजर वळवतो. अशा माणसाबद्दल व्यवस्थापकाचं मत बहुधा चांगलं असतं. त्याचा कसला त्रास नसतो ना!

ही शांतता किती महाग पडू शकते याचा दाखला भारतीयांच्या मनात खोल रुतलेला आहे, फक्त तो या नावानं आपल्याला ठाऊक नाही. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले. 16 जानेवारीला यान उडालं तेव्हा सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक मोठा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. दुसऱ्याच दिवशी चित्रफिती पाहताना तो आघात लक्षात आला. हानी किती झाली असेल याचा अंदाज घेण्यासाठी अभियंत्यांचा एक गट नेमला गेला. त्याच्या प्रमुखांपैकी एक होते रॉडनी रोचा, नासातले अनुभवी अभियंता.

रोचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एकच गोष्ट हवी होती: पंखाची छायाचित्रं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे अशी छायाचित्रं घेण्याची साधनं होती. त्यासाठी वेगवेगळ्या मार्गांनी विनंत्या गेल्या आणि त्या वरून थांबवल्या गेल्या. रोचांना हे कळलं तेव्हा त्यांनी एक ईमेल लिहिला. हा निर्णय चुकीचा आहे, जवळजवळ बेजबाबदारपणाचा आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. तो त्यांनी छापून एका सहकाऱ्याला दाखवला. ज्यांनी तो वाचायला हवा होता त्या वरिष्ठांना मात्र पाठवला नाही. 24 जानेवारीच्या व्यवस्थापन बैठकीत, या आघातामुळे उड्डाणाच्या सुरक्षिततेला धोका नाही, असा निष्कर्ष निघाला. रोचा त्या बैठकीला हजर होते. ते बोलले नाहीत. नंतर त्यांनी याचं जे स्पष्टीकरण दिलं त्याचा आशय असा होता की, नासाच्या उतरंडीत आपण फार खाली आणि बैठक चालवणाऱ्या प्रमुख फार वर, तिथे बोलणं आपल्याला शक्य वाटलं नाही.

या माणसाला भित्रा ठरवणं फार सोपं आहे, आणि ते अन्यायाचं आहे. त्यांनी ईमेलवर ईमेल केले होते, दारं ठोठावली होती. अपघातानंतर नेमलेल्या चौकशी मंडळानं ऑगस्ट 2003 मध्ये अहवाल दिला, त्यात एक कळीचं निरीक्षण आहे: धोका नाही हे व्यवस्थापनानं सिद्ध करायला हवं होतं, प्रत्यक्षात धोका आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियंत्यांवर येऊन पडली. ते सिद्ध करायला छायाचित्रं लागत होती, आणि छायाचित्रं मागायची तर आधी धोका सिद्ध करा, असं उत्तर होतं. आपल्या सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्या माणसाला हा फेरा नवा नाही.

पण या तपासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग वेगळाच आहे. त्या बैठका चालवणाऱ्या प्रमुखांची मुलाखत झाली तेव्हा तपास करणाऱ्यांपैकी एकानं त्यांना विचारलं, की वेगळं मत असलेल्या माणसांपर्यंत तुम्ही कशा पोहोचता? त्यांचं म्हणणं असं पडलं, की असं मत कानावर आलं की मी लक्ष घालते. त्यावर पुढचा प्रश्न आला, की अशी मतं कानावर येतच नाहीत हीच तर अडचण आहे, मग ती काढून घेण्यासाठी तुमच्याकडे कोणती पद्धत आहे? या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दुष्ट नव्हत्या, कामचुकार तर मुळीच नव्हत्या. त्यांच्या बैठकीत कुणी हरकत घेत नव्हतं, म्हणजे हरकत नाही, असा त्यांचा समज होता. जगातल्या बहुतेक साहेबांचा हाच समज असतो. दार उघडं आहे, कुणी येत नाही, अर्थात सगळं ठीक चाललंय.

इथे कुणी म्हणेल की आपल्याकडची गोष्ट निराळी, आपल्या हाडातच साहेबशाही मुरलेली आहे. त्यात तथ्य आहे. डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड यांनी वेगवेगळ्या देशांतल्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून सत्तेतलं अंतर लोक किती स्वाभाविक मानतात याचा निर्देशांक तयार केला होता. त्यात भारताचा आकडा 77 आहे, अमेरिकेचा 40. घरात थोरल्यांसमोर, शाळेत गुरुजींसमोर आणि मग ऑफिसात साहेबांसमोर "लहान तोंडी मोठा घास" घेऊ नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण कोलंबियाची गोष्ट 40 आकड्याच्या देशातली आहे, जिथे साहेबाला नावानं हाक मारतात. नावानं हाक मारता आली म्हणून वाईट बातमी सांगता येते असं नाही. आपल्याकडच्या नव्या कंपन्यांनी 'सर' म्हणणं बंद केलं आणि सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवलं, तेवढ्यानं हा प्रश्न सुटेल ही त्यांची अपेक्षा म्हणूनच पुरी होत नाही.

मग व्यवस्थापकाच्या डोक्यात नेमकं काय घडतं? टेक्सास विद्यापीठातले इथन बरिस यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्मचाऱ्यांच्या बोलण्याचे दोन प्रकार पाडले. एक, जे चाललंय ते आणखी नीट कसं चालेल हे सांगणारं. दुसरं, जे चाललंय तेच बदला असं सांगणारं. पहिल्या प्रकारचं बोलणाऱ्यांबद्दल व्यवस्थापकांचं मत चांगलं होतं. दुसऱ्या प्रकारचं बोलणारे त्यांना कामातही डावे वाटत, निष्ठेतही कमी वाटत आणि त्यांच्या सूचना उचलून धरण्याकडे कल कमी असे. म्हणजे "फीडबॅक द्या" या आमंत्रणात एक न लिहिलेली अट असते. यंत्राला तेल घालणारा फीडबॅक हवा असतो. यंत्रच चुकीचं आहे असं सांगणारा नको असतो. गंमत अशी की संस्थेला वाचवण्याची ताकद बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातच असते.

दोन वर्षांनी बरिस, नॅथनेल फास्ट आणि कॅरोलिन बार्टेल यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं. तेल आणि वायूच्या क्षेत्रातल्या एका बहुराष्ट्रीय कंपनीत त्यांना आढळलं, की आपण या पदाला पुरे पडतो का, अशी ज्या व्यवस्थापकांच्या मनात शंका असते ते कर्मचाऱ्यांकडे मतं मागतच नाहीत, आणि त्यामुळे त्यांचे कर्मचारीही बोलत नाहीत. नंतर प्रयोगात काही जणांना व्यवस्थापकाच्या भूमिकेत बसवून त्यांच्या मनात आपल्या कुवतीबद्दल शंका पेरली, तेव्हा सूचना करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे ते अधिक नापसंतीनं पाहू लागले. हा शोध मला फार मोलाचा वाटतो. वरच्या माणसाचं न ऐकणं आपण गर्व म्हणून वाचतो. पुष्कळदा त्याच्या मुळाशी भीती असते. साहेब म्हणजे ज्याला सगळं येतं तो, अशी अपेक्षा आपणच त्याच्यावर लादलेली असते. उत्तम काम करणाऱ्या अभियंत्याला, शिक्षकाला किंवा विक्री प्रतिनिधीला बढती देऊन आपण एका दिवसात व्यवस्थापक करतो, माणसं कशी सांभाळायची याचं शिक्षण न देता. तो आतून धास्तावलेला असतो. अशा वेळी हाताखालचा कुणी "सर, हे असं नको" म्हणाला, की त्याला त्यात सूचना ऐकू येत नाही, आपल्या लायकीवरचा प्रश्न ऐकू येतो.

ही भीती वरपर्यंत कशी साखळीनं जाते हे नोकियाच्या अभ्यासात दिसलं. एकेकाळी आपल्यातल्या कित्येकांच्या खिशात असलेला तो फोन. क्वी ह्यू आणि टिमो व्हुओरी या संशोधकांनी कंपनीतल्या आणि तिच्याशी संबंधित 76 लोकांशी बोलून 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. वरचे अधिकारी स्पर्धकांना आणि भागधारकांना घाबरत होते, मधले व्यवस्थापक वरच्यांना घाबरत होते. वरचे घाई करत, चढ्या आवाजात उद्दिष्टं सांगत. मधले "होईल, होईल" म्हणत राहिले. आपली सॉफ्टवेअरची तयारी किती कमी आहे हे वर वेळेत पोहोचलं नाही. 2013 मध्ये नोकियानं आपला मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकण्याचा करार जाहीर केला.

व्यवस्थापकाच्या दृष्टीनं आणखी एक फसवी गोष्ट आहे, तिच्याकडे लक्ष वेधलं हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी. नव्वदच्या दशकात त्या रुग्णालयातल्या औषध देण्यातल्या चुकांच्या एका मोठ्या अभ्यासात काम करत होत्या. ज्या विभागात परिचारिका एकजुटीनं काम करतात, जिथे नेतृत्व चांगलं आहे, तिथे चुका कमी होत असणार, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथे मुख्य परिचारिका चारचौघांत झापत असे तिथे चुका झाकल्या जात, त्यामुळे कागदावर तो विभाग स्वच्छ दिसे. आता आपल्याकडच्या एखाद्या महापालिका रुग्णालयाचा, एसटी आगाराचा किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेचा विचार करा. जिथून तक्रारी शून्य, त्या प्रमुखाचा सत्कार होतो. जिथून तक्रारी येतात, त्या प्रमुखाला कारणे दाखवा नोटीस. हा आकडा कसा वाचायचा हेच आपण शिकलेलो नाही.

कंपन्यांना हे सारं माहीत नाही असं नाही. म्हणून तर निनावी सर्वेक्षणं होतात. पण ती निनावी किती असतात? नाव लिहायचं नसतं, मात्र विभाग, वयोगट, लिंग आणि नोकरीची वर्षं लिहायची असतात. नऊ जणांच्या विभागात एकच बाई असेल आणि ती तिथे बारा वर्षं असेल, तर नाव लिहायचं राहिलंच काय? लोक हे ओळखून असतात आणि पाचपैकी चार गुण देऊन फॉर्म बंद करतात. त्या चार गुणांचा आलेख पुढच्या टाउनहॉलमध्ये पडद्यावर झळकतो.

निनावीपणा खरा करायचा असेल तर तो कसा करावा लागतो हे विमान वाहतुकीनं दाखवलं आहे. अमेरिकेत 1976 पासून विमान सुरक्षा अहवाल यंत्रणा चालते. वैमानिक, नियंत्रक, देखभाल करणारे, कुणीही आपली किंवा इतरांची चूक, थोडक्यात हुकलेला अपघात तिथे कळवू शकतो. ही यंत्रणा चालवते नासा. परवाना आणि दंड ज्या खात्याच्या हातात आहे त्या खात्याकडे ती मुद्दाम दिलेली नाही. अहवालातून ओळख पटेल असे तपशील काढून टाकले जातात, आणि जाणूनबुजून केलेला नियमभंग किंवा गुन्हा नसेल तर दहा दिवसांच्या आत स्वतःहून कळवणाऱ्याला दंडातून सवलत मिळते. शिक्षा करणारा हात आणि ऐकणारा कान वेगळे ठेवले, हा यातला मुख्य विचार. आपल्या कंपन्यांत पगारवाढ ठरवणारा आणि "मोकळेपणानं बोला" म्हणणारा माणूस एकच असतो.

विमानांच्या कॉकपिटमध्येही हा बदल रक्त सांडल्यावरच आला. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबोजेट आदळली आणि 583 माणसं मेली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरनं, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, अशी शंका बोलून दाखवली होती. कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ कॅप्टन ठामपणे "झालं" म्हणाले आणि सुटलेलं विमान तसंच धावत राहिलं. त्यानंतरच्या काही वर्षांत विमान कंपन्यांनी कॅप्टनला ऐकायचं आणि सहवैमानिकाला बोलायचं रीतसर प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. दोघांनाही, हे महत्त्वाचं. फक्त बोलणाऱ्याला धीट करून भागत नाही.

आपल्या मुंबईनं हा धडा वेगळ्या आणि फार मोठ्या किमतीला घेतला. 1884 च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेलं. मागणी साध्या गोष्टींची होती: आठवड्याची एक सुट्टी, दुपारी जेवायला अर्धा तास, पगार वेळेवर. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका भागातल्या एका उद्योगात एकाच संघटनेला प्रतिनिधी म्हणून मान्यता देण्याची पद्धत आणली. गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. हेतू चांगला असेल, वाटाघाटी कुणाशी करायच्या याचा गोंधळ नको असा. पण परिणाम असा झाला, की कामगाराला जे म्हणायचं ते त्याच एका खिडकीतून म्हणावं लागे, आणि त्या खिडकीवरचा त्याचा विश्वास उडाला तरी दुसरी खिडकी कायद्यात नव्हती. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा हीही त्यांची मागणी होती. गिरणगावाचं पुढे काय झालं ते सांगायला नको. संपाला इतरही कारणं होती, जमिनीचं राजकारण होतं, सूत आणि यंत्रमागाचं अर्थकारण होतं. पण ऐकण्याची अधिकृत सोय आहे या समाधानात मालक आणि सरकार इतकी वर्षं गाफील राहिले, ही गोष्ट या प्रश्नाचा विचार करताना विसरता येत नाही.

कायद्याच्या पुस्तकात सोयी पुष्कळ आहेत. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची वर्क्स कमिटी नेमण्याची तरतूद झाली. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचं कलम 43 अ राज्यघटनेत घातलं. समित्या झाल्या, बैठकांचं इतिवृत्तही लिहिलं गेलं. कँटीनमधली भाजी आणि पिण्याचं पाणी यांच्या पलीकडे त्यातल्या किती समित्या गेल्या, हे ज्यांनी कारखान्यांत नोकऱ्या केल्या आहेत त्यांनाच विचारावं.

याच्या अगदी उलट टोकाला टोयोटा आहे. असेंब्ली लाइनवरच्या कोणत्याही कामगाराला दोष दिसला तर त्यानं डोक्यावरची दोरी ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, गटप्रमुख धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष सुटला नाही तर लाइन थांबते. या दोरीला 'अँडन कॉर्ड' म्हणतात. 1984 मध्ये टोयोटानं जनरल मोटर्सबरोबर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे संयुक्त कारखाना सुरू केला. तिथे आधी जनरल मोटर्सचाच कारखाना होता आणि तो 1982 मध्ये बंद पडला होता. तिथली शिस्त एवढी बिघडलेली, की रोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असे. लाइन कोणत्याही परिस्थितीत थांबवायची नाही हा जुना नियम होता. दोष असलेल्या गाड्या तशाच पुढे ढकलायच्या, मग मागच्या अंगणात दुरुस्त करायच्या. टोयोटानं बहुतांश जुनेच कामगार पुन्हा कामावर घेतले, त्यांची जुनी युनियनही तीच राहिली. गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या तोडीचा झाला.

हे यश पाहून जनरल मोटर्सनं लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात तीच पद्धत आणायचं ठरवलं. दोऱ्या लावल्या. पण ती ओढली की वरच्यांच्या कपाळावर आठ्या पडत, कारण त्यांचं मोजमाप अजून दिवसाला किती गाड्या निघाल्या यावरच होत होतं. तो कारखाना 1992 मध्ये बंद झाला. दोरी दोन्हीकडे सारखीच होती. फ्रीमाँटमध्ये ती ओढल्यावर मदतीला माणूस येत होता, व्हॅन नाइसमध्ये जाब विचारायला.

माझं मत असं बनलं आहे, की व्यवस्थापकाला ऐकायला आवडतं की नाही हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवावा. टीका ऐकायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही, तुम्हालाही नसेल. आवड निर्माण होण्याची वाट पाहत बसलो तर काही होणार नाही. वाईट बातमी सांगणाऱ्याचं पुढे काय होतं, एवढंच पाहावं. आणि ते पाहताना हेही ध्यानात घ्यावं, की ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे.

याची दोन उदाहरणं एकाच क्षेत्रातली आहेत. रॉजर बॉइजोली हे चॅलेंजर यानाची रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतले अभियंता. रॉकेटच्या जोडातली रबरी कडी निकामी ठरून जीवितहानी होऊ शकते, असं त्यांनी जुलै 1985 मध्ये लेखी कळवलं होतं. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, एवढ्या थंडीत उड्डाण करू नका म्हणून ते आणि त्यांचे सहकारी फोनवरच्या बैठकीत भांडले. कंपनीच्या व्यवस्थापकांनी अखेर त्यांना बाजूला सारून संमती दिली. दुसऱ्या दिवशी 73 सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. चौकशी आयोगापुढे खरं सांगितल्यावर कंपनीत बॉइजोलींना एकटं पाडलं गेलं, आणि त्यांना ती नोकरी सोडावी लागली.

दुसरं उदाहरण 2006 चं. कोलंबियाच्या अपघातानंतरचं दुसरं उड्डाण ठरत होतं. जूनमधल्या अंतिम आढावा बैठकीत नासाचे मुख्य अभियंता ख्रिस्तोफर स्कोलीज आणि सुरक्षा प्रमुख ब्रायन ओकॉनर या दोघांनी उड्डाणाला लेखी विरोध नोंदवला. फोमचा धोका अजून गेलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नासाचे प्रमुख मायकेल ग्रिफिन यांनी ते पूर्ण ऐकलं आणि त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला. यानाला इजा झालीच तर अंतराळवीर अंतराळ स्थानकावर आसरा घेऊ शकतील, हे कारण त्यांनी उघडपणे मांडलं. विरोध फाइलमध्ये राहिला, वर्तमानपत्रांतही आला. 4 जुलैला डिस्कव्हरी उडालं आणि सुखरूप परतलं. विरोध करणारे चुकले असं म्हणून कुणी त्यांची बदली केली नाही. जानेवारी 2009 मध्ये नासाचं प्रमुखपद रिकामं झालं तेव्हा ते हंगामी स्वरूपात ज्यांच्याकडे आलं ते हेच स्कोलीज.

बाजारात मिळणारी बहुतेक पुस्तकं आणि कार्यशाळा कर्मचाऱ्याला शिकवतात: कसं बोलावं, कोणत्या वेळी बोलावं, आधी दोन गोड शब्द कसे पेरावेत. त्यात थोडंफार उपयोगाचं असेलही. पण हप्ते फेडणाऱ्या, म्हाताऱ्या आईवडिलांचं औषधपाणी बघणाऱ्या माणसाला "धीट हो" असं सांगण्याचा अधिकार मला वाटत नाही कुणाला आहे. बोलण्याचा सगळा धोका ज्याच्याकडे कमी सत्ता आहे त्यानंच उचलावा, हे न्यायाचं नाही. ज्याच्या हातात पगारवाढीचा कागद आहे त्यानं आधी हलावं.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसं का असेनात, त्यांना माझी विनंती आहे. येत्या सोमवारी दार उघडं असल्याची घोषणा करू नका. गेल्या वर्षभरात तुम्हाला न आवडणारी गोष्ट कोणकोण येऊन सांगून गेलं ते आठवा आणि त्यांची नावं लिहून काढा. कागद कोरा राहिला तर तुमच्या बैठकांत कोण गप्प असतं ते पाहा, त्याच्या टेबलापाशी स्वतः जा, आणि "या कामात काय बिघडू शकतं?" एवढंच विचारा. नावं सापडली, तर त्या माणसांच्या यंदाच्या अप्रेझलचे कागद काढून नीट वाचा. काही दुरुस्त करण्यासारखं दिसलं तर सही करायच्या आधी करा.